एव्हरिलची सात पाकिटं

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५
हारथॉर्प

नोएल,

आज घरच्या मैदानावर सामना होता. एक-तीन हरलो. पाऊस नव्हता, वारा होता. प्रेक्षक एकशे बारा. चहाची टपरी बंद होती, कारण एव्हरिल ९ जानेवारीला गेली.

ही बातमी अशी द्यायला नको होती, पण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहावी ते मला सुचलं नाही. नोव्हेंबरात पोटात दुखतंय म्हणाली. नाताळच्या आधी डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. आज सामन्याआधी तिच्यासाठी एक मिनिट सगळे शांत उभे राहिले. पंचाने चाळीस सेकंदांतच शिट्टी वाजवली. थंडी होती, त्याला दोष देत नाही.

सामना संपल्यावर टपरी आवरायला गेलो. कागदी पेल्यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात सात तपकिरी पाकिटं. प्रत्येकावर तिकिटं लावलेली, प्रत्येकावर तिच्या अक्षरात तुझं नाव आणि फ्रीमँटलचा पत्ता. आजचा धरून या मोसमातले घरचे सामने सातच उरले आहेत. म्हणजे मोसम सुरू होतानाच तिने सगळी पाकिटं लिहून ठेवली असणार. डब्याच्या तळाशी तुझं कार्ड होतं, १९८३ सालचं. 'पत्रिका मिळाली. पाठवत राहा. एडीला सांगू नकोस.'

तिने सांगितलं नाही.

घरच्या प्रत्येक सामन्याला आपण छापतो त्या पत्रिकेत 'सचिवांकडून' हे पान असतं, ते मी लिहितो. अजूनही मीच सचिव आहे. तेव्हा बेचाळीस वर्षं तू मला वाचतो आहेस आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या पानावर मी बहुतेक गवत, कोपऱ्यावरची झेंड्याची काठी आणि पाहुण्या संघाचे आभार एवढंच लिहीत आलो. तू कंटाळला असशील.

आजची पत्रिका सोबत आहे. आणखी एक गोष्ट. क्लबला यंदा सव्वाशे वर्षं होतात. लिॲन क्राउदर म्हणून आता अध्यक्ष आहे, बेकरीवाल्या क्राउदरांची सून. तिने मला क्लबचा इतिहास लिहायला सांगितला आहे. एप्रिलअखेर पुस्तक निघेल. पहिली पन्नास वर्षं सहज लिहून झाली, कारण त्यातलं कोणी जिवंत नाही. आता १९७९ वर आलो आहे. त्या वर्षासाठी एकच वाक्य केलं आहे: 'शेवटच्या आठांतला सामना जिंकूनही, अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे क्लबला चषकातून बाद करण्यात आलं.' तुझं नाव घातलेलं नाही. हे तुला चालेल का, ते कळव.

एडविन


शनिवार, १५ फेब्रुवारी

नोएल,

शून्य-शून्य. प्रेक्षक चौऱ्याण्णव. टपरी आता लिॲनची आई उघडते. चहा पातळ होता. कोणी तक्रार केली नाही, पण अर्धे भरलेले पेले कठड्यावर तसेच राहिले होते.

आपली माणसं अजूनही मध्यंतराला बाजू बदलतात. आपण ज्या गोलावर चढाई करणार त्याच्या मागे उभं राहायचं, आणि मध्यंतर झालं की सगळ्यांनी मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलामागे जायचं. नाणेफेक जिंकली की पूर्वार्धात चढावर खेळायचं, हेही तसंच आहे. मैदानाचा उतार कोणी काढला नाही. टपरी बरोबर वाटेत मध्यावर. एव्हरिल माझा पेला फळीवर काढून ठेवायची, मी न थांबता उचलायचो. अडतीस वर्षं त्या ठिकाणी आम्ही एकमेकांशी काही बोललो असं मला आठवत नाही. आज हात फळीकडे गेला. कोणी पाहिलं नसावं.

हॉरेस पॉगसन माझ्याबरोबर चालत होता. हो, तुमचा गोलरक्षक हॉरेस. एकोणऐंशीचा आहे, दोन्ही गुडघे नवे बसवले आहेत. गावात नव्याने राहायला आलेलं एक जोडपं आमच्या पुढे होतं. त्यांना त्याने गाठलं.

"वेम्बली इथून किती लांब, सांगा बघू?"

तो नवरा म्हणाला, "दोनशे मैल असेल."

"दोनशे मैल आणि एक नोएल थॅक्रे!"

ती दोघं हसली. बायकोने विचारलं, "हा कोण?"

"याचा भाऊ," हॉरेस माझ्याकडे बोट करून म्हणाला. "बंदी असताना खेळला गाढव. पत्र दडवलं आणि खेळला. आणखी एक सामना जिंकला असता की आम्ही वेम्बलीत अंतिम सामना खेळलो असतो. मी वेम्बलीच्या गोलात उभा राहिलो असतो, बाई, मी! याला मात्र काही बोलायचं नाही हं. हा सज्जन माणूस. एकाच आईची दोन पोरं, पण देवाने वाटणी करताना मध्येच डुलकी काढली."

मी हसलो. हे तो दर मोसमात कोणाला ना कोणाला ऐकवतो, आणि मी हसतो. एव्हरिल टपरीतून ऐकायची. ती हसायची नाही, पेले पुसायला लागायची.

तुझं उत्तर अजून नाही. समुद्रापारच्या टपालाला दहा दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे.

एडविन


शनिवार, १ मार्च

नोएल,

सामना झाला नाही. खालच्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं. पत्रिका छापून झाली होती, म्हणून पाठवतो आहे. न झालेल्या सामन्याच्या पत्रिका तुला आवडायच्या, एका खोक्यात वेगळ्या ठेवायचास.

दुपार मोकळी मिळाली म्हणून १९७९ चं वाक्य पुन्हा वाचलं. 'अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे.' कोणी खेळवला, ते त्यात नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी पस्तीस वर्षं अशीच पत्रं लिहिली. 'नळ बंद करण्यात आला आहे.' कोणी बंद केला, ते कधी लिहायचं नाही.

मी तुला चालेल का असं विचारलं, तो प्रश्न बरोबर नव्हता. काय झालं ते तुला माहीत आहे. एव्हरिलला माहीत होतं. आता तू आणि मी.

तरी एकदा मला क्रमाने लिहून बघू दे. सचिवाला क्रमाने लिहायची सवय असते.

रविवारी तू पबच्या संघाकडून खेळायचास. फेब्रुवारीत तुला मैदानाबाहेर काढलं. पंचाला तू काय म्हणालास ते त्याच्या अहवालात होतं, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट. काउंटीच्या फुटबॉल संघटनेने चौदा दिवसांची बंदी घातली, ५ मार्चपासून. रविवारची बंदी शनिवारलाही लागते, हे गावात निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. मला होतं. नियमांचं पुस्तक माझ्याच टेबलावर असायचं. आणि बंदीचं पत्र शनिवारच्या क्लबच्या सचिवाकडे, म्हणजे माझ्याकडे येतं.

ते गुरुवारी, ८ तारखेला सकाळी आलं. मी दारात उभ्याउभ्याच वाचलं आणि घड्याळामागे ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दाराशी आलास. बुटांना गिलाव्याचं पांढरं लागलं होतं म्हणून आत आला नाहीस.

"एडी, काउंटीचं काही आलं का रे?"

"नाही."

"मग उद्या आहे मी?"

"आहेस."

"बरं. आईला सांग, मोजे वाळले नाहीत तर मी तुझे घालणार आहे."

तू गेल्यावर एव्हरिल भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "घड्याळामागे काहीतरी आहे."

मी म्हणालो, "माहीत आहे."

या विषयावर आमचं सेहेचाळीस वर्षांत झालेलं बोलणं एवढंच.

आज इथेच थांबतो. स्वयंपाकघरात तेच घड्याळ आहे. चालतं.

एडविन


शनिवार, १५ मार्च

नोएल,

दोन-एक जिंकलो. प्रेक्षक एकशे तीस.

तुझं उत्तर नाही, आणि आता ते येण्याची वाट बघत लिहिणं बरोबर नाही. तेव्हा पुढचं.

दहा मार्चला पंचाच्या खोलीत संघाचा कागद मी दिला. पाचव्या क्रमांकावर तुझं नाव, माझ्या अक्षरात. मी ते का केलं, याचं उत्तर तुला देणं लागतो. लोक म्हणाले असते की आपल्या क्लबने इतक्या वर्षांत काही जिंकलं नव्हतं म्हणून. तसं नव्हतं. मला वेम्बलीत जायचं होतं. सामना बघायला नाही. तिथेही पंचाची खोली असणार, आणि सामन्याआधी तिथे कोणा सचिवाने संघाचा कागद द्यायचा असणार. तो कागद मला द्यायचा होता. आठवडाभर मी चांगल्या कागदावर अकरा नावं लिहायचा सराव करत होतो. हे मी एव्हरिललाही सांगितलं नव्हतं. एवढंच कारण होतं.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तुझा गोल झाला. एकोणीसशे माणसं होती त्या दिवशी. हॉरेस आपला गोल सोडून पळत येऊन तुझ्या अंगावर पडला. मंगळवारी काउंटीचा फोन आला.

काउंटीने हॉटेलात चौकशी घेतली ती खोली तुला आठवत असेल. टेबलामागे तिघे जण. त्यांनी मला विचारलं, पत्र पोहोचलं का? मी म्हणालो, माझ्या हातात आलं नाही. मग ते तुझ्याकडे वळले. तू आधी माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता तू सांगणार, मी याला शुक्रवारी विचारलं होतं. तू म्हणालास, "भावाच्या दारात पडलं होतं. मी उचललं. त्याला काही माहीत नाही."

परतीच्या बसमध्ये तू माझ्या पुढच्या आसनावर बसला होतास. मी तुझ्या मानेकडे बघत आलो. तेव्हा बोलायला हवं होतं. मग पुढच्या आठवड्यात बोलायला हवं होतं. मग पबमध्ये तुला बघून लोकांनी पेले उलटे ठेवले तेव्हा. मग गिलाव्याचं काम कोणी देईनासं झालं तेव्हा. स्टेशनवर तू आईला मिठी मारलीस आणि मला नुसतं म्हणालास, "गवताकडे लक्ष ठेव." मी ठेवलं. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल मला पदक मिळालं. ते मी टेबलाच्या खणात ठेवलं. भिंतीवर का लावलं नाही, असं एव्हरिलने कधी विचारलं नाही.

जुनं वाक्य मी काढून टाकलं. नवं पान असं आहे:

'१९७९. शेवटच्या आठांतला सामना आपण दोन-एक जिंकला. विजयी गोल नोएल थॅक्रे याने चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला डोक्याने मारला. त्याच्यावर बंदी होती. ती कळवणारं पत्र दोन दिवस आधी सचिव एडविन थॅक्रे यांना मिळालं होतं. त्यांनी ते दडवलं, आणि नोएलने विचारलं असता पत्र आलं नाही असं सांगितलं. चौकशीत नोएलने दोष स्वतःवर घेतला. तो त्याचा नव्हता. क्लब चषकातून बाद झाला तो सचिवांमुळे. सचिव तेच पुढे राहिले, आणि हा इतिहास त्यांनीच लिहिला आहे.'

पुस्तक वीस एप्रिलला छापायला जाईल. यात तुला काही बदलायचं असेल तर त्याआधी कळव.

एडविन


शनिवार, २९ मार्च

नोएल,

शून्य-दोन. प्रेक्षक अठ्ठ्याऐंशी.

पान लिॲनला दिलं. तिने क्लबच्या खोलीत उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"मिस्टर थॅक्रे, हे छापायलाच हवं का? माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

"म्हणून तर छापायला हवं."

"पण नव्या स्टँडला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. पाटी रंगवायला टाकलीय मी."

"त्यावर एव्हरिलचं नाव घाला आणि टपरीला लावा. पाटी तेवढ्या लांबीची असेल."

तिने पान टेबलावर ठेवलं. "हॉरेस पॉगसनला सांगितलंत?"

"नाही."

"अरे देवा," ती म्हणाली.

पाकिटं दोन उरली आहेत. पहिलं पाकीट टाकताना पेटीशी मी बराच वेळ उभा होतो. तिचं अक्षर दुसरीकडे कुठे फारसं नाही. वाणसामानाची एक यादी आहे फ्रिजवर. आता प्रत्येक वेळी एक जातं.

एडविन


शनिवार, १२ एप्रिल

नोएल,

एक-एक. प्रेक्षक एकशे एक.

गुरुवारी तुझं कार्ड आलं. वर बंदराचं चित्र. मागच्या बाजूला तीन ओळी. मला पाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवतो, म्हणजे तू काय लिहिलंस ते मला नीट कळलं आहे याची तुला खात्री होईल.

'डोक्याने नव्हता. खांद्याने होता. दुरुस्त कर.
बाकीचं बरोबर आहे.
एव्हरिलचं वाचून बागेत जाऊन बसलो.'

दुरुस्त केलं. 'विजयी गोल नोएल थॅक्रे याने चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला खांद्याने मारला.' मी बाजूच्या रेषेवर होतो, मला डोकंच दिसलं होतं. सेहेचाळीस वर्षं सगळं गाव डोकं म्हणतं आहे. हॉरेस तर तुझ्या अंगावर पडला होता, तरी त्यालाही कळलं नाही.

तुझं अक्षर आईसारखं झालं आहे.

येशील का, असं मी विचारणार नाही. घरात वरची खोली रिकामी आहे, एवढं फक्त कळवतो.

एडविन


शनिवार, २६ एप्रिल

प्रिय नोएल,

मोसमातला शेवटचा सामना. दोन-दोन. आपण अठरांत चौदावे आलो. प्रेक्षक दोनशे सहा, पुस्तकामुळे.

दुपारी एक वाजता क्लबच्या खोलीत छोटासा समारंभ झाला. लिॲन म्हणाली, एखादं पान वाचून दाखवा. त्यांना वाटलं मी १९०० चं वाचेन, कातड्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी शेतकऱ्याकडून कुरण मागून घेतलं ते. मी १९७९ वाचलं. माझा आवाज मोठा नाही, पण मागच्या लोकांनी बोलणं थांबवल्यामुळे ऐकू गेलं असावं. वाचून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. कोणीतरी खुर्ची सरकवली. लिॲनची आई म्हणाली, "सँडविच आहेत, घ्या सगळ्यांनी," आणि कोणीच घेतली नाहीत.

हॉरेस पहिल्या रांगेत होता. त्याने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, चष्मा लावला आणि ते पान स्वतः वाचलं. त्याला वेळ लागतो.

"म्हणजे सेहेचाळीस वर्षं," तो म्हणाला, "मी चुकीच्या थॅक्रेला शिव्या घातल्या."

"हो."

"एडी, मी एकोणऐंशीचा आहे रे. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला मला वेळ कुठून मिळणार?"

दोघे-तिघे हसले. तो हसत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते. "खांद्याने?" त्याने विचारलं.

"तो म्हणतो खांद्याने."

"मलाही तेव्हाच वाटलं होतं," हॉरेस म्हणाला. पुस्तक खिशात घालून तो बाहेर गेला.

मध्यंतराला सगळे नेहमीप्रमाणे निघाले. हॉरेस माझ्याबरोबर आला नाही. तो वरच्या गोलामागेच राहिला, कठड्याला टेकून, एकटा. त्या टोकाला उत्तरार्धात आपलं कोणीही उभं राहत नाही. मी उलट्या बाजूने वळसा घातला, म्हणजे कोणाला माझ्याशी बोलायचं की नाही हे ठरवावं लागू नये. त्या बाजूला टपरी लागत नाही. लांबून पाटी दिसली. रंगाऱ्याने तिच्या नावातली अक्षरं थोडी जवळजवळ काढली आहेत, पण वाचता येतं.

हॉरेस पुढच्या मोसमात माझ्याबरोबर चालेल का, मला माहीत नाही. नाही चालला तर ते बरोबरच असेल. सचिवपदाचा राजीनामा मी लिॲनला दिला आहे. पत्रिकेतलं पान मात्र मीच लिहावं असं ती म्हणाली, कारण दुसरं कोणी तयार नाही. तेव्हा ऑगस्टपासून ते तुला येत राहील.

पुस्तक सोबत ठेवतो आहे. पाकिटात जेमतेम मावतं. तुझं पान सत्तेचाळीसावं.

हे शेवटचं पाकीट. टपालकचेरीत विचारलं, तर असली तपकिरी पाकिटं अजून मिळतात. टेबलावर चहाचा एकच पेला आहे आणि संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत आहे. बंद करण्याआधी पाकिटावरचा पत्ता एका कागदावर उतरवून घेतला. सावकाश लिहिला, संघाचा कागद लिहितो तसा. फ्रीमँटलचं तिचं स्पेलिंग तपासून पाहिलं. बरोबर होतं. मग तो कागद घडी घालून घड्याळामागे ठेवला.

एडविन